बाल्देमारचा टायर

बाल्देमार लोंगोरिया त्या संध्याकाळी घराबाहेर पडला तो एक फुटका टायर आणायला. एवढंच काम होतं. जायचं, टायर गाडीत टाकायचा, परत यायचं. हसू नकोस रे तिकडं. टायर आणायला गेलेल्या माणसाचीच गोष्ट आहे ही, आणि तो माणूस मला चांगला ठाऊक आहे. अजून लायफर्डला राहतो. तुम्ही विचारलंत तर सांगणार नाही, पण खोटंही म्हणणार नाही.

कॉफी घ्या आधी. आणि ते लाकूड जरा आत ढकला, वारा बोचतोय. त्या रात्रीही असाच उत्तरेचा वारा सुटला होता. जानेवारीतला दुसरा शुक्रवार. दुपारी लोक सदऱ्यावर हिंडत होते आणि दिवेलागणीला कान दुखायला लागले, तसला वारा.

बाल्देमारला डावा पाय नव्हता. गुडघ्याखाली नकली पाय लावलेला. आदल्या एप्रिलमध्ये कांद्याचा ट्रक घेऊन वर उत्तरेला निघाला होता. शेजारी चानो, त्याचा जोडीदार ड्रायव्हर. दोघं बारा गावचं पाणी प्यालेले, एकमेकांच्या बायकांच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवत जाणारे. रेमंडव्हिल सोडलं की पुढं तो लांब ओसाड पट्टा लागतो ना, ना पंप, ना घर, नुसती कुंपणं… तिथं पुढचा डावा टायर गेला. आधी वरचा पट्टा सोलून निघाला, थपाथप आपटायला लागला, आणि बाल्देमार वेग कमी करतोय तोवर फुटला. ट्रक कलंडला. रस्ताभर कांदे. चानो जागच्या जागी गेला. बाल्देमार आत अडकून पडला होता. ट्रकचा पत्रा कापूनच काढावा लागला त्याला.

ट्रक होता इलारिओ कांतूचा. इलारिओ म्हणजे बाल्देमारच्या पोरीचा, येसेनियाचा धर्मपिता. म्हणजे दोघं एकमेकांचे कोंपाद्रे. आता हे नातं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही. वीस-बावीस वर्षांची दोस्ती, पण पोरीच्या बाप्तिस्म्यापासून दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचे. तेवढा मान.

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा उशाशी इलारिओच होता. रडून डोळे सुजलेले. बाल्देमारचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "कोंपाद्रे, काही काळजी करू नका. टायरसुद्धा उचलून आणलाय मी. माझ्या शेडमध्ये आहे, कुलपात. कोणी हात लावणार नाही."

बाल्देमारला तेव्हा कळलंही नाही, हा टायरचं का सांगतोय. पाय गेलेल्या माणसाला टायरचं काय?

ते कळलं नंतर, हार्लिंजनच्या सामारिपा वकीलबाईंकडं गेल्यावर. बाई बुटक्या, आवाज मात्र अख्ख्या कोर्टाला पुरेल असा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पायाचा नाही, चानोचाही नाही.

"टायर कुठं आहे?"

"आहे. कोंपाद्रेकडं."

"म्हणजे ज्याच्यावर दावा करायचा, त्याच्याच घरात तुमचा साक्षीदार?"

"बाई, दावा इलारिओवर कशाला? टायर बनवणाऱ्यावर करा की."

तेव्हा बाईंनी त्याला नीट समजावलं. टायर मुळात सदोष असेल तर बनवणारा जबाबदार. जुनाट टायर नवा म्हणून खपवला असेल तर विकणारा जबाबदार. आणि मालकाला खराबी माहीत असून त्यानं गाडी रस्त्यावर काढायला लावली असेल, तर मालक. शिवाय इलारिओनं कामगारांचा सरकारी विमा घेतलेलाच नव्हता. आपल्याकडं मालकाला ती सूट आहे. पण मग जखमी कामगार सरळ त्याला कोर्टात खेचू शकतो. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करायचा. आणि यातलं कोण दोषी, ते सांगणार एकटा टायर. तो किती जुना, कुठून फाटला, का फाटला, सगळं त्याच्या अंगावर असतं. जाणकारानं पाहिला की बोलतो.

"ट्रक गेला तर जाऊ द्या," बाई म्हणाल्या, "टायर हातचा सोडू नका."

बाल्देमारला काय माहीत नव्हतं? निघायच्या दिवशी त्यानंच इलारिओला तो टायर दाखवला होता. नक्षी नव्यासारखी, पण बाजूला बारीक भेगा, नख शिरेल अशा. चानोही तिथंच उभा होता. चानो म्हणाला होता, "मालक, हा टायर माझ्या सासूपेक्षा म्हातारा आहे." इलारिओ हसला होता. "एवढी खेप मारा. परत आलात की बदलू."

पण हे बाल्देमारनं वकीलबाईंना सांगितलंच नाही. कोंपाद्रेच्या अंगावर कसं ढकलायचं? बाईंनी इलारिओला टायर जपून ठेवण्याबद्दल कळवलं, तेव्हा तो घरी येऊन केवढा दुखावल्यासारखा बसला होता. "मला वकिलाकडून सांगता, कोंपाद्रे? मला?" बाल्देमारनंच त्याची माफी मागितली.

तर त्या शुक्रवारी दुपारी बाईंचा फोन आला. ह्यूस्टनहून टायरचा जाणकार आलाय, सकाळी हवाय टायर. इलारिओलाही दोन दिवसांपूर्वी कळवलंय. आणि मग म्हणाल्या, "आणखी एक. बसून ऐका. तुमच्या कोंपाद्रेनं ट्रकच्या विमावाल्यांना सांगितलंय की टायरला काही झालं नव्हतं. तुम्हाला डुलकी लागली."

बाल्देमार खुर्चीत बसला. मग म्हणाला, "बाई, विमावाल्यांनी काहीतरी चुकीचं ऐकलं असेल. इलारिओ असं म्हणणार नाही."

इलारिओला फोन लावला, उचलला नाही. तेव्हा म्हणाला, जाऊनच येतो. शेडची किल्ली कुठं टांगलेली असते ते ठाऊक होतं त्याला.

त्याची बायको मिनेर्वा दारात आडवी आली. "सकाळी बाई माणूस पाठवतील की. या वाऱ्यात कशाला?"

"अगं, जवळ तर आहे."

"जवळ असू दे. मला तो माणूस आताशा आवडत नाही."

"पोरीचा धर्मपिता आहे तो, मिनेर्वा."

मिनेर्वानं त्याच्याकडं पाहिलं. मग आत गेली आणि मक्याच्या पानांत उकडलेल्या गरम तमाल्यांचं पातेलं फडक्यात बांधून आणून दिलं. "दे त्याला. त्याला डुकराच्या मांसाचे आवडतात. बघू तरी, खाताना तुझ्याकडं बघतो का."

रेमंडव्हिल ओलांडून पूर्वेला शेताच्या रस्त्यानं गेलं की इलारिओचं ट्रकांचं आवार लागायचं. दोन्हीकडं कोबी. वाऱ्यानं गाडी हलत होती. बाल्देमार वाटेत एकटाच बोलत होता, असं तो स्वतःच सांगायचा. कोंपाद्रेला काय विचारायचं, कसं विचारायचं, त्याला वाईट वाटणार नाही अशा बेतानं. शेजारच्या सीटवर तमाल्यांचं पातेलं. गाडीभर मक्याच्या पानांचा वास.

आवाराच्या अलीकडं त्याला दुसरा वास आला. रबराचा.

मग धूर दिसला. काळोखातही दिसावा इतका काळा.

पुढचं फाटक बंद होतं. तो मागच्या मातीच्या वाटेनं वळला. शेडच्या मागं एक खड्डा होता, तिथं पेटलं होतं. खड्ड्याच्या कडेला इलारिओ. एकटाच. हातात डिझेलचा डबा.

बाल्देमारनं गाडी थांबवली. दिवे बंद केले. पातेलं उचललं आणि उतरला. पातेलं का उचललं, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. खड्ड्यापाशी गेला. आत टायर होता. बराचसा जळला होता, पण तो ओळखला त्यानं. वरचा पट्टा एका ठिकाणी हातभर निघालेला… तोच.

इलारिओनं मान वर केली.

तमाल्यांचं पातेलं हाताला चटके देत होतं.

"कोंपाद्रे," इलारिओ म्हणाला. "उद्या सकाळी येणार होता ना तुम्ही?"

"उद्या सकाळी मला काय सांगणार होतात?"

इलारिओनं नजर जाळाकडं वळवली.

"चोरीला गेला म्हणून?"

"माझं ऐका. माझ्याकडं अजून चार ड्रायव्हर आहेत. त्यांची पोरं आहेत. सगळं विकावं लागलं तर त्यांचं काय? तुम्हाला मी वाऱ्यावर सोडलं असतं का? दर महिन्याला…"

"मला डुलकी लागली, असं सांगितलंस तू."

'तू' म्हणाला तो. बाप्तिस्म्यापासून पहिल्यांदा. इलारिओच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, थोबाडीत बसल्यासारखं.

"ते… वकिलानं सुचवलं. तसं म्हणायचं असतं."

"चानोच्या बायकोला कळलं तर? तिला वाटेल, मी झोपलो म्हणून तिचा नवरा गेला."

"चानो गेला, कोंपाद्रे. तो काही परत यायचा नाही. आपण जिवंत आहोत. आपल्याला…"

आणि इलारिओ बोलता बोलता थांबला.

तो बाल्देमारकडं बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून मागं बघत होता. गाडीकडं.

"कोणाला आणलंय बरोबर?"

"कोणाला नाही."

"मग तो… कोण बसलाय?"

बाल्देमारनं वळून पाहिलं. जाळाचा उजेड गाडीच्या काचेपर्यंत पोचत होता. शेजारची सीट रिकामी. नुसती रिकामी. जिथून त्यानं आत्ताच पातेलं उचललं होतं, ती.

"कोणी नाही तिथं."

"आहे." इलारिओचा आवाज बारीक झाला होता. "टोपी घातलीय… मान अशी कलती का आहे त्याची?"

चानोची मान. ट्रकमध्ये अडकून पडला होता तेव्हा त्यानं पाहिली होती ती. तासभर. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मिनेर्वालाही नाही. आणि चानोची शवपेटी बंदच पुरली होती. इलारिओला कुठून माहीत असणार?

"उतरतोय," इलारिओ म्हणाला.

गाडीचं दार उघडलं नाही. काहीच हललं नाही. वारासुद्धा पडला होता. बाल्देमार शपथेवर सांगतो, त्या घटकेला वारा पडला होता.

इलारिओ मागं सरकला. डबा हातातून सुटला.

"नाही… नाही, ऐक. मला माहीत होतं. हो. तू म्हणालास तेव्हा मी पाहिल्या होत्या भेगा… एक खेप म्हटलं, एकच… किती जणांचे टायर असे चालतात… मला काय माहीत होतं…"

तो कोणाशी बोलत होता, ते बाल्देमारला दिसत नव्हतं. पण इलारिओचे डोळे सरकत होते. गाडीपासून खड्ड्यापर्यंत. कोणी चालत येतंय त्याच्याबरोबर सरकावेत, तसे. सावकाश. मग ते थांबले.

बाल्देमारच्या अगदी शेजारी थांबले.

बाल्देमारनं मान वळवली नाही.

इलारिओ मातीत गुडघ्यांवर बसला, तोंड हातांनी झाकलं. "न्या," म्हणाला. "न्या तुमचा टायर. मला नको…"

खड्ड्यात तोवर काय उरलं होतं? राख आणि तारा.

बाल्देमार कसा गाडीपर्यंत आला, ठाऊक नाही. पातेलं तिथंच राहिलं. गाडी चालू केली. उजवीकडं पाहिलं नाही. रस्त्याला लागला. उजवीकडं पाहिलं नाही. कोबीचा वाससुद्धा येत नव्हता… नुसतं जळकं रबर.

"चानो," तो म्हणाला एकदा. हळू.

काही नाही.

"मी झोपलो नव्हतो रे."

काही नाही…

आणि मग आवाज आला.

थप्.

थप्.

थप्… थप्… थप्…

ड्रायव्हर लोक हो, हा आवाज तुम्हाला मी काय सांगू. सुटलेला पट्टा रस्त्यावर आपटतो, तो. बाल्देमारनं पायातलं सगळं बळ ब्रेकवर घातलं. गाडी थांबली. उतरला. विजेरी घेऊन चारी टायर पाहिले, हात फिरवून पाहिले. धड. चारीच्या चारी.

आवाज थांबला नव्हता.

तो गाडीच्या मागून येत होता. काळोखातून. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. थप्… थप्… कोणी हातानं ढकलत चालावं, तितक्या गतीनं. जवळ आला. बाल्देमार दाराला धरून उभा. विजेरी विझवली त्यानं. आपण होऊन विझवली. बघायचं नव्हतं त्याला.

समोरून गेला.

दिसलं काही नाही. गेला, एवढं कळलं.

आणि पुढं निघून गेला. रेमंडव्हिलच्या दिशेनं. गावाकडं.

बाल्देमार किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. घरी पोचला तेव्हा मिनेर्वानं त्याचं तोंड पाहिलं आणि पातेल्याचं विचारलंच नाही. तो स्वयंपाकघरात बसला आणि पोटभर रडला. भुताच्या भीतीनं नव्हे. त्याला एकच आठवत होतं, दवाखान्यात ज्या हातांनी त्याचा हात धरला होता, तेच हात. डिझेलचा डबा धरलेले.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगतोच. आधी बाकीचं आटपू द्या.

दावा दाखल झाला. साक्षीदार जाळला म्हणून सुटला, असं होत नाही. सामारिपाबाईंनी सांगितलं, मुद्दाम पुरावा नष्ट केला असेल तर न्यायाधीश ज्यूरीच्या पंचांना सांगू शकतात की तो पुरावा जाळणाऱ्याच्याच विरोधात होता असं धरून चला. पण ती वेळच आली नाही. जबाबाच्या दिवशी इलारिओ आला, वाळून गेलेला. बाईंनी विचारलं, "टायर खराब आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

त्याचा वकील म्हणाला, उत्तर द्यायची घाई करू नका.

इलारिओनं टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. "दोघांनी सांगितलं होतं," म्हणाला. "हा आणि तो."

त्याच आठवड्यात तडजोड झाली. ओफेलियाला, चानोच्या बायकोला मिळालं, बाल्देमारला मिळालं. इलारिओचे ट्रक विकले गेले. आणि बाल्देमारला झोप लागली नव्हती, हे कागदोपत्री आलं. ओफेलियानं त्या दिवशी त्याला मिठी मारली. मला वाटतं, त्याला खरी भरपाई तीच मिळाली.

पण मनातलं भरून निघालं नाही. येसेनिया पंधराची झाली, आपल्यात करतात तसा मोठा समारंभ ठरला. तिनं बापाला विचारलं, "धर्मपित्याला बोलवायचं ना?" बाल्देमार उठून अंगणात गेला. थंडी पडली की त्याचा नसलेला पाय दुखतो. पण तो म्हणतो, पायाचं सहन होतं. एवढ्या वर्षांत मी त्याला एकदाही ओळखलं नाही, ते सहन होत नाही.

तर ती सकाळ.

शनिवारी उजाडताच वकीलबाई, तो ह्यूस्टनचा जाणकार आणि बाल्देमार इलारिओच्या आवारात गेले. खड्ड्यात राख होती. टायरच्या पोलादी तारा होत्या, गुंतवळासारख्या. जाणकारानं फोटो काढले. मग तो खड्ड्याच्या कडेला वाकला आणि तसाच राहिला.

राखेतून एक चाकोरी बाहेर आली होती. एकाच टायरची. काजळीची.

शेडमागच्या पांढऱ्या मातीतून गेली होती, मागच्या वाटेनं रस्त्यावर. बाजूला पावलं नव्हती. बूट नाहीत, अनवाणी नाहीत, काही नाही. जाणकारानं टेप लावून रुंदी मोजली. नक्षी पाहिली. चाकोरीत ठरावीक अंतरावर हातभर जागा कोरी सुटत होती. प्रत्येक फेऱ्याला. तिथं पट्टा नव्हता.

"हा टायर तर…" तो म्हणाला आणि त्यानं खड्ड्यातल्या तारांकडं बोट केलं.

ते गाडीत बसले आणि हळूहळू त्या चाकोरीच्या मागोमाग गेले. रस्त्याच्या कडेनं, सरळ. जिथं बाल्देमार थांबला होता तिथूनही. रेमंडव्हिलमध्ये. चर्चवरून. दोन वळणं. इलारिओच्या गल्लीत.

इलारिओ फुटपाथवर बसला होता. स्वतःच्याच घरासमोर. रात्रीपासून. आत जात नव्हता. त्याची बायको एल्विरा दारात उभी, हातात ओलं फडकं, पण पुसत नव्हती.

"काल रात्री दार वाजलं," ती म्हणाली. "मला वाटलं, हेच आले. मी उघडलं."

"कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

चाकोरी अंगणातून गेली होती. तिन्ही पायऱ्या चढून. उंबऱ्यावरून आत.

बाल्देमार घराला वळसा घालून आला. मागचं दार पाहिलं. खिडक्या पाहिल्या. परत पुढं येऊन पायऱ्यांशी थांबला.

आत गेल्याची खूण होती.

बाहेर आल्याची… नव्हती.